विलासनं न पाहिलेलं शेत

वेल्ह्याला जायचं ठरलं ते एका चित्रामुळे. मी पुण्यात शाळेत चित्रकला शिकवते आणि गेली चार वर्षं दर गुरुवारी दुपारी कारागृहात बंद्यांचा वर्ग घेते. तिथं विलास आहे, दुकानांच्या पाट्या रंगवणारा, सगळा जन्म शहरात गेलेला. त्याच्याच बराकीत तात्या होते, वेल्ह्याकडचे शेतकरी. बांधावरच्या भांडणात त्यांची काठी चुलतभावाच्या डोक्यात बसली आणि तो गेला. तात्यांचे हात थरथरायला लागले तसा विलास त्यांना भरवू लागला, आंघोळ घालू लागला. जेवता जेवता तात्या त्याला आपलं शेत सांगत. खाचरं कुठली, आंबा कुठं, ओढा कुठून वळतो.

वयामुळे तात्या सुटले. मागे विलासनं ते नुसतं ऐकलेलं शेत दोन महिने खपून रंगवलं आणि परवानगी काढून माझ्या हाती दिलं. "बाई, त्यांना तेवढं पोचवा," इतकंच म्हणाला.

डिसेंबरातल्या एका शनिवारी स्वारगेटहून सकाळची भोरची एसटी धरली. कापूरहोळला हायवे सुटला की उजवीकडे वळायचं. तिथून पुढं शेतं रस्त्याला येऊन भिडतात. भोरला माझी मावसबहीण सुनीता राहते. तिच्याकडं मुक्काम, आणि बाजारात चित्राला फ्रेम करून घ्यायची, असा बेत होता. फ्रेमवाल्यानं कुणी काढलंय म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यानं काच पुन्हा एकदा पुसली.

संध्याकाळी आम्ही भाटघरला पाणी बघायला गेलो. या दिवसांत धरण तुडुंब असतं, गर्दी नसते, जरूर जा. तिथंच सुनीतानं विचारलं की त्या घरी कळवलंयस का. मी फोन लावून पाहिला होता, लागला नव्हता. तिला काळजी वाटत होती. तुरुंगाची आठवण अशी दारात येऊन उभी राहिलेली कुणाला आवडेल, असं तिचं म्हणणं. मग मलाही ते पाणी धड बघवेना.

रविवारी तिची स्कूटर घेतली. परत कापूरहोळ, हायवेनं चेलाडी फाटा, डावीकडे नसरापूर आणि सरळ वेल्हे. पेट्रोल नसरापूरलाच भरा. रस्ता बराचसा चांगला आहे, खड्डे लागतात ते नेमके वळणावर. पुढे तोरणा अंगावर येतो. वेल्ह्यात पिठलं-भाकरीचं जेवण दीडशेच्या आत झालं. तिथून वाडीपर्यंत मोबाईलला रेंज नाही. रस्ता माणसांनाच विचारावा लागतो.

तात्यांची सून मंदाताई अंगणात पावटा पाखडत होत्या. कुठून आले ते सांगितलं आणि त्यांचं सूप थांबलं.

"मॅडम, जेलचं काई घरात नगं," त्या हळू म्हणाल्या. "पोरीचं लगीन ठरतंय. लई मुश्किलीनं लोक इसरायला लागल्यात."

त्यांचं चुकत नव्हतं. मी पिशवी उचलली. तेवढ्यात आवाज ऐकून तात्या भिंत धरत बाहेर आले. वर्गात विलासजवळ येऊन बसायचे, त्यामुळं मला ओळखलं. चित्र मांडीवर घेऊन त्यांनी थरथरतं बोट काचेवरून फिरवलं: हा आंबा, ही खाचरं. मी समोरच्या शेताकडं पाहिलं. सगळं तसंच होतं, फक्त ओढा चित्रात डावीकडे आणि खरा उजवीकडे.

"समोरासमोर बसून सांगायचो न्हवं," तात्या म्हणाले. "माझा उजवा, त्येचा डावा."

घरी आल्यापासून तुरुंगाविषयी ते अवाक्षर बोलले नव्हते, असं मंदाताईंनी नंतर सांगितलं. त्या दिवशी बोलले. विलास घास कसा बारीक करून द्यायचा, पाणी कसं कोमट करून आणायचा. मंदाताई ऐकत राहिल्या. मग त्यांनी मला विचारलं, त्यानं काय केलं होतं. मी सांगितलं, मारामारीत एकाचा जीव घेतला.

"आमी भेटायला जायचो तवा मामंजींची नखं कापल्याली असायची," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, जेलात नखं कोन कापतंय? त्येला कोन हाय मागं?"

कुणी नाही, मी म्हटलं.

त्या आत गेल्या. चित्र त्यांनी कपाटामागं ठेवलं. पाहुणे येऊन गेले की भिंतीला लावू म्हणाल्या. मग मुलीची वही आणून एका कागदावर नाव आणि घरचा पत्ता स्वतः लिहून माझ्याकडं दिला. लग्न उरकलं की भेटायला येईन, असं विलासला सांगायला सांगितलं. निघताना पावट्याची पिशवी स्कूटरला अडकवली.

तो पावटा घरी आठवडाभर पुरला. पुढच्या गुरुवारी कागद आधी कार्यालयात दाखवला, मग विलासला दिला. ओढ्याचं सांगितलं तेव्हा तो हसला, म्हणाला दुसरं काढतो. कागद मात्र खूप वेळ हातात धरून होता. भेटीला येणाऱ्यांची नावं द्यायचा एक अर्ज असतो. त्याचा आजवर कोराच राहिलेला. तो मागून घेऊन त्यानं मंदाताईंचं नाव, पत्ता लिहिला. पुढं नात्याचा रकाना होता. तिथं पेन थांबलं.

"बाई, तात्यांची सून माझी कोण लागते?"

तूच ठरव, मी म्हटलं. त्यानं सावकाश, एकेक अक्षर लावत लिहिलं: वहिनी.