पंचफुलाचा अडलेला नमस्कार

अर्धे देव घासून ताटात लखलखत होते आणि अर्धे अजून चिंचेच्या कोळात काळे पडून होते. सकाळी मंदिरात जायच्या घाईत काम तसंच टाकलं होतं. परत आल्यावर ते पुरं करायला बसले, पण हात चालेना. बाळकृष्णाच्या रांगत्या गुडघ्यामागचं काळं निघता निघत नव्हतं, आणि माझ्या तोंडात एक कडू चव आली होती ती गुळाच्या खड्यानंही गेली नाही. किळस म्हणतात ती हीच. रथसप्तमीच्या दिवशी वहीत लिहायचा हा शब्द नव्हे, पण दुसरा सापडत नाही.

तेवढ्यात पंचफुला आली. चपला पायरीखाली काढून ती उंबऱ्याशीच टेकली. आत ये म्हटलं तर म्हणाली, "नाई वयनी, देव काढले तुमी. मी इथंच बरी."

पंचफुला आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. नागोरावांची बायको. गावाबाहेर दोघांचा भाजीचा मळा आहे. मेथी, वांगी, पालक काढायचा आणि टोपलं घेऊन रायतू बजारात, म्हणजे शेतकऱ्यांच्या सरकारी बाजारात, बसायचं, हे तिचं रोजचं. दोन वर्षांपूर्वी टोपलं उचलताना तिची कंबर धरली. सरकारी दवाखान्यात गेली तर शुगरही निघाली. गोळ्या सुरू झाल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी व्यायाम सांगितला. त्यावर ती मला म्हणाली होती, "दिवसभर वाकूनच तं राह्यतो आमी. अजून कोणतं वाकायचं?"

दत्तमंदिराच्या सभामंडपात सकाळी सूर्यनमस्काराचा वर्ग चालतो. मी तिला ओढतच तिथं नेलं. सुरुवातीला तिचं कपाळ गुडघ्याच्या जवळपासही जाईना. ती नुसती खाली बघत उभी राही. त्या दिवसांत तिच्या घरात दिराशी बोलणं बंद होतं, अंगणाच्या मधोमध पत्रे ठोकलेले होते, आणि जाऊ पलीकडून मुद्दाम मोठ्यानं भांडी आपटायची. पंचफुलाचे खांदे सदा कानापाशी चढलेले असत. मग एके दिवशी तिनं वांग्याच्या भाजीची वाटी पत्र्यावरून पलीकडे दिली. जावेनं घेतली. पुढं पत्रे निघाले. मी वैद्य नाही, पण एवढं बघितलं की त्यानंतर तिची पाठ मोकळी झाली. गेल्या वर्षीची संक्रांत येईपर्यंत ती आमच्यात सगळ्यांत खाली वाकू लागली.

आणि नावं. सूर्याची बारा नावं तिनं पाठ केली ती मळ्यात. मित्राय नमः म्हणून एका वाफ्यात पाणी सोडायचं, रवये नमः म्हणून दुसऱ्यात. वर्गात तिच्या आवाजावर आम्ही सगळ्या नमस्कार घालायचो. श्वास तिला कधी कमी पडला नाही. ओझं वाहणारीचा श्वास होता तो, आणि त्यात देवाचं नाव होतं.

वर्ग घेतात ते पियुष सर. गावातलेच, वर्गानंतर गाभाऱ्यातलं तीर्थही तेच देतात. शिकवत बरं होते, खोटं कशाला लिहू. पण मागच्या पावसाळ्यात त्यांनी कुठल्याशा चूर्णाची एजन्सी घेतली आणि सभामंडपाचं दुकान झालं. दत्ताच्या पादुकांपुढं डब्यांची उतरंड लागली. त्या चूर्णाला जळक्या मेथीचा वास, सरांच्या अंगाला अत्तराचा, आणि दोन्ही मिळून समईच्या तेलावर चढलेले. डब्याचं चिकट बूड पादुकांच्या कडेला लागायचं. मी रोज ओल्या फडक्यानं पुसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

कार्तिकात मी भाचीच्या लग्नाला निर्मलला गेले होते. मागं, पंचफुलानं आज सांगितलं तसं, सरांनी तिला पुढं बोलावून गळ्यात हार घातला, हातात डबा दिला आणि समोर फोन उभा केला. म्हणाले, "पंचफुलाजी, दोनच वाक्यं. गोळ्या सोडल्या, हे घेतलं, शुगर गेली."

ती म्हणाली, "मी तं गोळ्या खाऊन राह्यली ना सर."

सरांनी हात जोडले. "अहो, पुढंमागं सोडणारच आहात. आज म्हटलं तर काय बिघडलं?"

पंचफुलाला आयुष्यात कोणी जी म्हटलं नव्हतं. बाजारात तिला 'ए मेथीवाली' म्हणतात. ती बोलली. व्हिडिओत तिच्यामागं दत्ताची मूर्ती दिसते, समई दिसते, आणि ती हसते ते खरं हसू आहे. मी परत आल्यावर विचारलं, "सोडल्या का गं गोळ्या?" तर म्हणाली, "असं बोलाव लागते म्हणे," आणि मेथीचा भाव सांगू लागली.

पौषात तिचे नमस्कार बिघडू लागले. कंबर धरली नव्हती, गुडघा दुखत नव्हता. पण साष्टांगाला गेली की कपाळ जमिनीला टेकायचं आणि तिथंच राहायचं. वर यायला बळ नसायचं. नावं मागं पडू लागली. श्वास आधी संपायचा, नाव नंतर. आमच्या वर्गात कापडदुकानवाल्या रंजीता आहेत, त्यांना तर चांगलाच खेळ मिळाला. "पंचफुलाबाई, झोप लागली काय? उशी आणू का?" बाकीच्या फिदीफिदी हसायच्या. सरांनी नाडी बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "मनात नकारात्मकता आहे. दोन चमचे वाढवा."

मी तिला खोदून विचारलं. ती म्हणायची, "थंडी हाय वयनी. अंग आखडते."

आज रथसप्तमी. मंदिराच्या अंगणात मी रांगोळीचा रथ काढला होता, गोवरीवर दूध ठेवलं होतं. सूर्य वर यायच्या वेळेला पंचफुला सगळ्यांपुढं उभी राहिली. सरांचा फोन रथाच्या चाकावरच उभा केलेला. मित्राय झालं, रवये झालं, सूर्याय म्हणताना तिचा आवाज घोगरा झाला. भानवेला आवाजच आला नाही. ती साष्टांगात गेली आणि उठली नाही. मला वाटलं भोवळ आली. मी पुढं धावले, तर सर तिच्या कानाशी वाकून दातांतून म्हणत होते, "उठा, लाइव्ह चालू आहे." ती हलली नाही. तेव्हा सरांनी फोन उचलून स्वतःकडे वळवला आणि गोड आवाजात बोलले, "बघितलंत? इतकी तल्लीनता. साधना म्हणतात ती हीच."

बाई धुळीत पडलेली आहे, आणि हा तिचं पडणं विकतो आहे. मी पंचफुलाला धरून बसतं केलं तोवर मागं दूध उतू जाऊन गोवरीवर करपलं. मग तिळाच्या लाडवाबरोबर एकेक डबा प्रसाद म्हणून पुढं आला, आणि आमच्यातल्या शहाण्यासुरत्या बायांनी तो पदर पसरून घेतला. मी घेतला नाही. घरी आले आणि देव घासायला बसले. तोंडातली कडू चव ती तेव्हाची.

आता पंचफुला उंबऱ्यात बसली होती. कपाळाला मंदिराची धूळ तशीच होती.

"अंग आखडलं नव्हतं वयनी," ती म्हणाली. "चंदाचा पाय सडून राह्यला."

चंदा तिची धाकटी बहीण, तलमडुगूला दिलेली. तिलाही शुगर. पंचफुलानं फोन काढून फोटो दाखवला. मी बघितला आणि चिंचेचा हात तसाच तोंडावर गेला. कापसाच्या पऱ्हाटीचं खुंट तळपायात घुसलं होतं म्हणे. अंगठा काळा पडलेला, कडेनं पिवळं, आणि त्या जखमेवर हळदीसारखं थापलेलं काहीतरी. मी ओळखलं. तेच चूर्ण.

"लावते बी आणि खाते बी," पंचफुला म्हणाली. "गोळ्या कवाच्या सोडल्या तिनं. माया व्हिडिओ पाहून."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पौषात फोन आला होता तिचा. अक्का, तुयासारखंच करून राह्यली म्हणे. खुश होती. मले सांगणंच झालं नाई. आज सांगू, उद्या सांगू. मंग हा फोटो आला." पुढं म्हणाली, "खाली जाते तं डोळ्यापुढं तो अंगठा येते. मंग काऊन उठाव, असं वाटते."

"सरांना दाखवलास हा फोटो?"

"आजच दाखवला, सगळ्या गेल्यावर. म्हणे, हे चांगलं हाय, इख बाहेर येऊन राह्यलं. तो व्हिडिओ काढून टाका म्हटलं तं म्हणे, आता तो कंपनीचा झाला."

या माणसाच्या हातून मी रोज तीर्थ घेत होते. अंगठ्याला पू झालेला बघून ज्याला 'चांगलं आहे' म्हणवतं, त्याचे हात दत्ताच्या गाभाऱ्यात जातात. रंजीताबाईंची मला तितकी चीड येत नाही. त्या नुसत्या हसतात. हा हसत नाही. हा हात जोडतो.

पण पंचफुलाला मी गोंजारलं नाही. चीड तिचीही आली होती. म्हटलं, "लाव फोन चंदाला. माझ्यासमोर."

तिनं लावला, आवाज मोठा केला. पलीकडून चंदाचा हसरा सूर आला. "काय अक्का, आज लाइव्ह पायलं तुले. समाधी लागली होती म्हणे."

"चंदा, ऐक. गोळ्या चालू कर. मी गोळ्या सोडल्याच नाई. रोज खाते."

चंदा म्हणाली, "सरनं चूर्णाच्या ग्रुपवर आधीच सांगतलं होतं. लोक जळतात, उलटं बोलाले लावतात. तुले कोणं धमकावलं?"

"कोणंच नाई. मी खोटं बोल्ली होती."

"तू? दत्तापुढं उभी राहून?"

उत्तराची वाट न बघता चंदाच पुढं बोलली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, उलट समजूत होती, जशी मोठ्या बहिणीनं लहानीची काढावी. "अक्का, तू थकली. दोन चमचे वाढव." आणि फोन ठेवला.

मी पंचफुलाकडे बघितलं नाही. ताटातली अन्नपूर्णा उचलून उगाच घासत राहिले. मूर्ती पुढं असली की माणूस खोटं बोलणार नाही, असं धरून चालणारी भाबडी बाई ही चंदा. आणि नेमका तोच भाबडेपणा हेरून मूर्तीपुढं फोन मांडणारा तो. चूर्णात काय असेल ते असो, विकला गेला तो आमचा दत्त.

"तिले माया तोंडाचं पटत नाई आता," पंचफुला म्हणाली. "त्या व्हिडिओतल्या माया तोंडाचं पटते."

"मग तोंड राहू दे. काहीतरी दाखव."

ती एकदम म्हणाली, "पानं हायेत. गोळ्यांची रिकामी पानं. दवाखान्यात जुनं दाखवल्याशिवाय नवं देत नाई, म्हणून फेकत नाई मी. पिशवीभर हायेत. वर दिल्याच्या तारखा हायेत, व्हिडिओनंतरच्या बी."

"तेवढंच ने. आणि पायाला हात लावू नको, चूर्ण घरी धूत बसू नको. गाडी कर, तिला उचल आणि थेट दवाखान्यात आण."

"आणि नाई म्हणाली तं?"

"तर तिच्या घरच्यांपुढं सांग. नवऱ्यापुढं, शेजारणींपुढं. जितक्यांनी तो व्हिडिओ बघितला तितक्यांपुढं. लाज वाटेल."

"वाटतेच हाय," ती म्हणाली. "कवापासून."

ती उठली. उंबऱ्याला हात न टेकता उठली, हे मी बघितलं, आणि तिनं ते बघितलं नाही. घरी जाऊन पिशवी घेऊन आली तेव्हा पदर खोचलेला होता. मी म्हटलं, स्टँडपर्यंत येते. देव ताटात अर्धे तसेच ठेवून, त्यांच्यावर स्वच्छ फडकं टाकून मी निघाले. ती इतकी भराभर चालत होती की मला मागून पळावं लागलं. सकाळी धुळीतून कपाळ न उचलणारी बाई ती हीच का, असं वाटलं. वळणावर मंदिर लागलं. आतून सरांचा आवाज येत होता, कुणालातरी डबा उघडायची रीत सांगत होते. पंचफुलानं बाहेरूनच दत्ताला हात जोडले, पायरीवर गेली नाही. मीही गेले नाही.

ओठ हलत होते तिचे. जवळ गेले तर ऐकू आलं. भानवे नमः. खगाय नमः. पाऊल पडेल तसं एकेक नाव, आणि श्वास पुरत होता.

स्टँडवर तलमडुगूची गाडी लागलेली होती. ती चढली, खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर घट्ट धरली. आता तलमडुगूला उतरून चंदाला ती पानं दाखवायची, आणि ऑटोत घालून आजच्या आज इथल्या सरकारी दवाखान्यात आणायचं.