अकरा दहाचा तास

सकाळी साडेदहाला मुग्धाचा फोन आला, तेव्हा मी चष्मा पुसून तासाच्या तयारीला बसले होते. मुग्धा म्हणजे रेखाची भाची, ठाण्याला राहते. "मावशी, आज तास नाही," एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, "का गं, बरं नाही का तिला?" "तू निघून ये," ती म्हणाली... आणि मला कळलं.

रेखा तांबे आणि मी एकाच कॉलेजात सत्तावीस वर्षं शिकवलं. ती भूगोल, मी अकाउंट्स. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी होती. ती मूळची कुडाळची, बोलणं तुटक, लग्न केलेलं नाही, आणि मुलांवर जीव असूनही तो दिसू नये याची फार काळजी घेणारी. मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. तिची दोन वर्षं उरली होती आणि तेवढ्यात फुप्फुसांचं दुखणं आलं. फुप्फुसं हळूहळू कडक होत जातात, उलटी वाट नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. कॉलेजात तिने सांगितलं की गुडघे गेलेत. मुलुंडला तिचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यामुळे ते सगळ्यांना पटलं. नोकरी करणाऱ्या मुलांची एक ऑनलाइन तुकडी होती, ती तिला मिळाली. आठवड्यातून चार दिवस, अकरा दहाचा तास. खरं काय ते फक्त मला आणि मुग्धाला ठाऊक होतं. "नंदा, तू कुणाला सांगायचं नाहीस," तिने मला बजावलं होतं. "एकदा कळलं की मुलं प्रश्न विचारायची थांबतात गं. मग नुसतं 'काळजी घ्या मॅम' सुरू होतं."

नाकात ऑक्सिजनची नळी असे, म्हणून ती कॅमेरा बंद ठेवी. मुलांचेही कॅमेरे बंदच. खाटेजवळ ऑक्सिजनचं मशीन दिवसभर घरघरत असायचं. मुलांनी विचारलं तेव्हा तिने जुना फ्रिज आहे म्हणून सांगून टाकलं. मी बोरिवलीहून पंधरा दिवसांतून एकदा जायचे. त्या खोलीत ती काळ्या चौकोनांकडे बघत बोलत असायची, दोन वाक्यं झाली की श्वास घ्यायला थांबायची. मुलांना वाटायचं, मॅडम लिहून घ्यायला वेळ देताहेत. तास संपला की लॅपटॉप मिटायची आणि मग संध्याकाळपर्यंत त्या घरात बोलायला कुणी नसायचं. एकदा म्हणाली, "बाकी वेळ मी पेशंट असते. ती पन्नास मिनिटं नसते."

मार्च महिन्यात मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा तास चालू असतानाच लाइट गेली. मशीन बंद पडलं. लॅपटॉप बॅटरीवर, नेट फोनचं, त्यामुळे तास मात्र चालूच राहिला. मी कोपऱ्यातला सिलिंडर ओढायला उठले, तर तिने हात वर करून मला थांबवलं. सिलिंडर लावायचा म्हणजे खुडबुड होणार, मुलांना ऐकू जाणार. एक मुलगी म्हणाली, "मॅम, तुमचा फ्रिज बंद झाला वाटतं." रेखा म्हणाली, "हो... दूध... बाहेर काढायला हवं." आणि पुढे शिकवत राहिली. पाच-सहा मिनिटं गेली असतील. तिचे ओठ निळसर झाले, कपाळावर घाम आला, तरी तिने तो मुद्दा पुरा केला, उद्या काय घेणार ते सांगितलं, मग लॅपटॉप मिटला आणि खुर्चीतच मागे कलंडली. सिलिंडरची नळी तिच्या नाकाला लावताना ती माझ्याकडून दोनदा निसटली.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांना फोन केला आणि सगळं सांगितलं. ते चांगले गृहस्थ आहेत. त्यांनी तिला फोन करून सांगितलं, मॅडम, तुम्ही आता पूर्ण विश्रांती घ्या. तुकडी एका नव्या शिक्षकाला दिली गेली. संध्याकाळी रेखाचा मला मेसेज आला: "तू माझी वाट लावलीस." त्यानंतर तीन आठवडे तिने माझा फोन उचलला नाही. मी मुलुंडला गेले, चार मजले चढले, तिने दार उघडलं, म्हणाली, "दमलीयेस, पाणी पी." मी पाणी प्यायले. तिने पेला परत घेतला. मी उतरले.

मग एका सोमवारी तिची लिंक आली. खाली लिहिलं होतं, 'अकरा दहा. उशीर चालणार नाही.' मी घाबरतच लिंक उघडली. तिने कॅमेरा चालू ठेवला होता, नळीसकट. "धडा पहिला," तिने सुरुवात केली. मी म्हटलं, "रेखा, माझं चुकलं का गं? माफ—" तिने माझं वाक्य मध्येच तोडलं. "तासाला तासाचंच बोलायचं."

तेव्हापासून ती मला एकटीला भूगोल शिकवायची. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी वारे, नद्या, खडक शिकले. नकाशावरच्या समान उंचीच्या रेषा शिकवताना तिने आमच्या दोघींच्या मधला डोंगर काढायला लावला. "तुझ्या खिडकीतून दिसतो ती त्याची एक बाजू, माझ्याकडून दुसरी. सरळ गेलं तर किती जवळ आहोत बघ. पण सरळ रस्ताच नाही, वळसा घालूनच यावं लागतं." मला वाटलं, आता ती त्या फोनबद्दल बोलेल. पण ती म्हणाली, "रेषा जवळ आल्या की चढ उभा, हे लिहून घे." वाक्यं हळूहळू आखूड होत गेली. एखाद्या दिवशी ती वीसच मिनिटं बोलायची आणि उरलेला वेळ आम्ही दोघी नुसत्या पडद्यासमोर बसून राहायचो... तास मात्र ती वेळेआधी कधीच संपवायची नाही. शेवटचा आमचा धडा समुद्रप्रवाहांचा. अर्धा राहिला.

तेराव्यानंतर मुग्धाने घर आवरायला बोलावलं. मी तिच्या खुर्चीवर बसले. तास घेताना ती जिथे बसायची तिथे मी त्याआधी कधी बसले नव्हते, नेहमी खाटेच्या टोकाला असायचे. समोर लोखंडी कपाट, माझ्या जागेवरून त्याची फक्त कड दिसायची. कपाटाच्या दारावर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, वर्गातल्या बाकांसारख्या रांगेत. प्रत्येक पट्टीवर एका मुलाचं नाव आणि खाली बारीक अक्षरांत काहीतरी. 'रात्रपाळी करून येतो. झोपला तर उठवू नये.' 'घरी एकच खोली. कॅमेरा लावायला सांगू नये.' 'आई आजारी. विचारायचं.' काळ्या चौकोनांकडे बघत ती बोलते असं मला वाटायचं. ती या दाराकडे बघून बोलत होती.

तुकडी गेल्यावरही तिने एकही पट्टी काढली नव्हती. सगळ्यांत खाली, उशिरा प्रवेश घेणाऱ्याचं नाव हजेरीत शेवटी लिहितात तशी, एक नवी पट्टी होती. अक्षर वाकडं झालेलं, पण तिचंच.

'नंदा. पटकन घाबरते. रागवायचं नाही.'