तडतड थांबली का

टीव्हीवरच्या एका मालिकेपायी मी तीन लिटर तेल नासवलं. तेव्हा मी तिशीची होते. अक्कल बेताची, पण मान अशी ताठ, की शहाणपण माझ्यापासूनच सुरू झालं असावं.

बंगळुरूजवळच्या येलहंक्यातल्या आमच्या घरात दर उन्हाळ्यात सासूबाई केसांचं तेल करायच्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. माका नि ब्राह्मी वाटून रस काढायचा, जास्वंद आणि कढीलिंब घालायचा, आणि सगळं लोखंडी कढईत खोबरेल तेलात मंद आचेवर ठेवायचं. रसातलं पाणी असेपर्यंत तेल तडतडतं. तडतड थांबली की तेल झालं. पाणी राहिलं तर महिन्याभरात बुरशी धरते. त्यांच्या तिन्ही मुली सासरी याच बाटल्यांची वर्षभर वाट बघायच्या.

नव्वद सालानंतर आत्याबाईंचे कान गेले. मग त्या मला शेजारी पाटावर बसवायच्या.

"थांबली का गं?"

मी हात हलवायची, नाही.

"आता?"

मी चिमूट दाखवायची, स्वल्प आहे अजून.

त्या दुपारी पुढच्या खोलीत मालिकेचं गाणं सुरू झालं. आत्याबाईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा मी जोरात मान डोलावली. थांबली. त्यांनी कढईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सरी, बरं," म्हणाल्या आणि कढई उतरवली. मालिकेत त्या दिवशी काय झालं, ते मला आज शपथेवरही सांगता येणार नाही.

महिन्याभरानं थोरल्या नणंदबाई बाटली घेऊनच आल्या. बूच काढलं, कुबट वास घरभर पसरला. "अम्मा, हात गेला तुझा," त्या हसत म्हणाल्या. "आता बाजारचं आणत जाऊ." आत्याबाईंना ऐकू आलं नाही, पण नाक शाबूत होतं. त्यांनी बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या, कढईला तेलाचा हात फिरवून ती माळ्यावर टाकली. स्टूल मीच धरलं.

पुढच्या उन्हाळ्यात परसातला माका तिथंच वाळला. त्याच्या पुढच्याही. आत्याबाई स्वयंपाकघरात रिकाम्या हातांनी बसून असायच्या, आणि मला वाटायचं, त्यांचा हात मीच मोडला.

त्या अंथरुणाला खिळल्यावर एकदा बाजारचं तेल त्यांच्या केसांना लावत होते. वेणी करंगळीएवढी उरली होती. मला राहवलं नाही. पण बहिऱ्या माणसापुढे पाप कबूल करायचं तर तेही ओरडून करावं लागतं. "आत्याबाई, तडतड थांबली नव्हती, मी खोटं बोलले," असं तीनदा ओरडले. शेजारच्या अक्कांनी रेडिओ बारीक केला.

आत्याबाईंनी डोळे उघडले नाहीत. म्हणाल्या,

"बहिरी झाले होते गं, आंधळी नाही. बुडबुडे दिसत होते मला. थांबली का, थांबली का, विचारायचे ते तू घटकाभर माझ्यापाशी बसावंस म्हणून. तुला बसायचंच नाही हे कळलं, मग कढई कशाला काढू?"