धुतलेली पिसं

दिलीप गेल्याची बातमी मला फोनवर आली, पण ऐकूच आली नाही. नारपोलीच्या माझ्या कारखान्यात कापड विणणारे सगळे लूम चालू होते आणि त्याच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा आवाज त्या खडखडाटात बुडाला. मेन स्विच बंद करायला लावला, तेव्हा कळलं... हृदयविकाराचा झटका. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती त्याने. कॉलेजातल्या शोकसभेत एकजण म्हणाले, "गुणी शिक्षक, पण संशोधनात जरा निष्काळजी." मी तिसऱ्या रांगेत मान खाली घालून ऐकून घेतलं. त्याला सहा आठवडे झाले, ते वाक्य अजून घशाखाली उतरत नाही.

दिलीप कामतघरचा, मी कशेळीचा, शाळेपासून एका बाकावरचे. तो जीवशास्त्र शिकवायचा, मी कापड विणायचो. त्याला नाद चिमण्यांचा. त्यांची गळलेली पिसं चिमट्याने उचलून कागदी पाकिटात ठेवायचा. "मास्तर, उशी भरताय काय?" म्हणून मी टर उडवायचो. तो चिडायचा नाही, समजावत बसायचा. चिमणीच्या शेपटीच्या बुडाशी तेलाची गाठ असते, ते तेल ती चोचीने पिसांना चोपडते. पिसांवर डोळ्यांना न दिसणारे जंतू राहतात. काही पिसंच खातात, काही त्या खाणाऱ्यांना अडवतात. त्याचा प्रश्न साधा होता. सुताच्या धुळीत आणि ट्रकच्या धुरात जगणाऱ्या नारपोलीच्या चिमणीच्या अंगावर हे राखणदार टिकतात का? ताडून पाहायला गावची चिमणी हवी होती, ती आमच्या कशेळीच्या खळ्यावर होती. अख्खा हंगाम तो तिथे वाकून फिरला. आई विचारायची, "मास्तराचं काय हरवलंय रं?"

त्याचे पीएचडीचे साहेब मुंबईहून पिसं पाहायला येणार होते. आदल्या दिवशी त्याच्या आईला दवाखान्यात न्यावं लागलं, म्हणून कशेळीच्या पिसांचा डबा तो माझ्या ऑफिसात ठेवून गेला. मी पाकिटं उघडली. चिखल, शीट, तेलकट मळ! आमच्या धंद्यात माल बघायला गिऱ्हाईक पार्टी येणार म्हटलं की कापडाच्या ताक्यावरचा डाग आधी काढतात, नाहीतर अब्रू जाते. मित्राची अब्रू राखायला मी एकेक पीस साबणाने धुतलं, स्पिरिटने पुसलं, वाळवलं आणि ज्याच्या त्या पाकिटात परत घातलं. केवढा शहाणा मी!

सकाळी तो साहेबांना घेऊन थेट माझ्याच ऑफिसात आला आणि त्याने त्यांच्यासमोर पहिलं पाकीट उघडलं. पीस लख्ख. मी चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभा. त्याने माझ्याकडे पाहिलं... आणि म्हणाला, "सर, माझ्याच हातून धुतली गेली." साहेब त्याला नको नको ते बोलले. मी चहा ठेवला. तोंड उघडलं नाही. ते गेल्यावर तो एवढंच म्हणाला, "काशी, तो मळच तपासायचा होता रे."

"आरं, पुढल्या हंगामात परत ये की, खळा कुठं पळतोय?" मी म्हणालो. खळा पळाला. त्याच उन्हाळ्यात आम्ही भावांनी ती जमीन गोडाऊनला दिली. सही करताना मला दिलीप आठवला होता, खोटं कशाला बोलू... तरी केली. भराव पडला, चिमण्या गेल्या. साहेबांनी त्याला पुन्हा दारात उभं केलं नाही. दिलीप मात्र दर रविवारी माझ्याकडे चहाला येत राहिला आणि तो विषय त्याने कधी काढला नाही. त्याच्या या चांगुलपणाचा मला राग यायचा. आजही येतो.

गेल्या आठवड्यात कामतघरला गेलो तेव्हा वहिनींनी तो डबा माझ्यापुढे ठेवला. प्रत्येक पाकिटावर 'कशेळी', आणि खाली वेगळ्या शाईत 'धुतलेली'. कोणी, ते लिहिलेलं नाही.

"ह्यांच्याच हातून झालं ना हो ते? फार मनाला लावून घेतलं होतं."

"न्हाय वहिनी. मी धुतली."

त्यांनी पाकिटं डब्यात परत भरली आणि डबा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "शोकसभेत तरी बोलायचं होतंत, भावजी."

डबा आता कारखान्यात माझ्या टेबलावर आहे. दर शिफ्टला त्यावर सुताची धूळ बसते. कामगार फडकं घेऊन येतात. मी त्याला हात लावू देत नाही.