कडेवरचा गेटपास

कापडाची मिल चालू होती तेव्हा आमच्याकडे किस्से नव्हते. लूमच्या खडखडाटात शेजारच्याला शिवीसुद्धा हाताच्या इशाऱ्यानं द्यावी लागायची, किस्सा कोण ऐकणार? मिल बंद पडली आणि किस्से साचायला लागले. लूमखात्यात कोपऱ्याकोपऱ्यात रुईचे पुंजके साचायचे ना, तसे. झाडा, वळून बघा, परत तेवढेच! मी चौथी पास माणूस. सजवून सांगता येत नाही. झालं तसं लिहितो, पटत नसेल तर पान उलटा.

तेव्हा आम्ही इंदूरला परदेशीपुऱ्यात दोन खोल्यांत राहायचो. मुलगा पीथमपूरला ठेकेदाराकडे लागला, सून सुनंदा रेडिमेडच्या कारखान्यात शिलाईला, आमची मंडळी पापड लाटायची. रिकामा कोण? मी! म्हणून नात माझ्या पदरात. मनी. मान नुकती धरायला लागलेली. घरात ठेवली की गळा काढायची, बाहेर नेली की गप्प. माझ्यावर गेली होती.

पण बाहेर म्हणजे कुठं? गल्लीत नाली आणि टेम्पोचा धूर. सावली खरी एकाच ठिकाणी, मिलच्या गेटाच्या आत. मोठी चिंच, दोन आंबे, गुडघाभर गवत. आणि गेटावर नवा चौकीदार, रीवाकडचा तिवारी.

"मजदूर अंदर नहीं जाएगा. ऊपर से ऑर्डर है."

ज्या गेटातून जन्मभर आत गेलो, तिथं हा कालचा माणूस मला अडवणार! डोकं फिरलं. पण मनी कडेवर होती, म्हणून हात उचलला नाही.

"मी कुठं जातोय? अंदर तो ये जा रही है. ये मजदूर है क्या?"

तिवारीनं मनीकडे नीट बघितलं. "इसका तो ऑर्डर नहीं है. पर ये चलेगी कैसे?"

"इसलिए तो मैं आया हूँ, भिया!"

गेट उघडलं.

*

दुसऱ्या दिवशी गेटावर ही लाईन! जो तो नातू काखेत मारून हजर. ज्या बाप्यांनी आपली पोरं कधी मांडीवर घेतली नव्हती, ते लंगोट बदलायला शिकले. एकानं तर सात वर्षांचा घोडा कडेवर आणला. पाय जमिनीला घासत होते, आणि तोंडात अंगठा घालून ठेवलेला, शिकवून!

तिवारी म्हणाला, "इसको नीचे उतारो, ये तुमको उठाके ले जाएगा."

*

शंकररावाची मोठी पंचाईत. शंकरराव आमच्या ओळीचा जॉबर, म्हणजे आमचा बॉस. लूम बिघडली की कान लावून सांगायचा काय झालंय ते. पण नवरा-बायको दोघंच, पोरबाळ नाही. बंद झाल्या दिवसापासून एकच घोकत होता, "रामभाऊ, माझी लूम एकदा बघायचीय."

मी म्हटलं, "ही घे मनी. जा."

धरली कशी? सुताची टोपली धरावी तशी, पोटाशी आडवी! आत गेला तो थेट लूमखात्याच्या खिडकीशी. तिथली एक काच फुटलेली होती. हा तिथं खांबासारखा उभा. बऱ्याच वेळानं आला तर शर्ट पोटापासून खालपर्यंत ओला.

"जॉबरसाहेब, हे काय?"

"पोरीनं ऑइलिंग केलं!"

आम्ही हसलो. मग तो हळूच म्हणाला, "लूमवर कबूतर बसलंय रे."

"मग हाकलायचं की!"

"कसं हाकलणार? पोरगी त्याला बघून हसत होती."

त्यानंतर रोज सकाळी माझ्या दारात. मला जय रामजी की पण नाही, सरळ मनीला हात पुढे!

*

थंडीत जायचो, तेव्हाही रोज. मनीला मिलच्याच जुन्या चादरीत गुंडाळायचो, वर कानटोपी, नाक तेवढं बाहेर. चिंचेखाली वाळका पाला पेटवून बसायचो. कोणीतरी कागदात शेव घातलेले पोहे आणायचा. आता इंदूरचं पोर, पोहे बघून गप्प बसेल?

संध्याकाळी सुनंदानं पोरीची मूठ उघडली.

"बाबा! हिच्या हातात शेव? हिला अजून दात नाहीत!"

"म्हणून तर बारीक दिली!"

दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कामावर जाताना म्हणाली, "जा घेऊन. घरात माझा जीव खाते."

*

पावसाळ्यात मिलच्या हौदात बेडकं ओरडायची. मनी चिखलात बसायची, दोन्ही हातांनी थापट्या मारायची, आणि तिवारी वरून छत्री धरायचा. सायबासाठी कधी धरली नसेल! त्याची स्वतःची पोरगी गावाला होती. रांगायला लागली, असं पत्र आलेलं. हा मनीला रांगताना बघायचा आणि गेटाकडे पाठ करून उभा राहायचा. त्या वेळात कोण पोराशिवाय आत शिरतंय, ते त्याला दिसायचं नाही. का दिसेल?

मनी पहिला शब्द बोलली तो पण गेटावरचाच, आमचा इंदुरी भैया. "भिया!"

त्या रविवारी मुलगा घरी होता. पीथमपूरहून यायचा तेव्हा ती झोपलेली, जायचा तेव्हा झोपलेली. रविवारी हौसेनं उचलली तर त्याच्या तोंडाकडे बघून म्हणते, "भिया?"

आम्ही सगळे हसलो. तो पण हसला. मग पोरीला तशीच खांद्यावर घेऊन नाक्यापर्यंत गेला. जेवण गार झालं तरी परत येईना.

*

उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत जाऊन यायचो. कैऱ्या पडलेल्या असायच्या. एका सकाळी गेलो तर आत ट्रक. लूमा भंगारात गेल्या होत्या. घणानं फोडून लोखंड भरत होते.

तिवारी म्हणाला, "आज मत जाओ, भिया." अडवलं मात्र नाही.

शंकरराव मनीला घेऊन त्याच खिडकीशी उभा राहिला. आत घण पडत होते, जमीन हलत होती. मी म्हटलं, "पोरगी घाबरेल, दे इकडं."

"घाबरेल कशी? बघ."

मनी त्याच्या खांद्यावर गाढ झोपली होती.

एवढी मिलच्या अंगणात वाढली पोर, पण मिलचा आवाज तिनं तेवढाच ऐकला.

*

आता तिथं फ्लॅट झालेत. चिंच तेवढी राहिली. तिच्याभोवती लेकरांचं गार्डन केलंय, झोपाळे, घसरगुंडी, सगळं. सकाळ-संध्याकाळ रिकामंच! पोरं वर एसीत मोबाईल बघतात, धूळ दिसली की शिंकतात. गेटावर गार्ड आणि पाटी: 'बच्चों के बिना प्रवेश मना है.'

मी आणि शंकरराव बाहेरच्या कट्ट्यावर बसून चिंच बघतो. त्याची बायको गेली, माझीही गेली. गार्ड भला आहे, पण ऑर्डर. "दादाजी, बच्चा लेके आओ, फिर जाओ."

आणू कुठून? मनी पुण्याला, कंप्युटरच्या नोकरीत.

या दिवाळीला ती आली. म्हणाली, "आबा, शंकरबाबांना घ्या. चिंचेखाली बसू."

"जाऊ देत नाहीत गं."

"चला तर!"

गेटावर गार्डनं हात आडवा केला. "मैडम, बच्चा किधर है?"

मनीनं आम्हा दोघांकडे बोट केलं. "अंदर तो ये जा रहे हैं, भिया."

"ये?"

"हाँ. पर ये चलेंगे कैसे? इसलिए तो मैं आई हूँ."

गार्ड एकदा तिच्याकडे बघे, एकदा आमच्याकडे.

शंकररावानं काठी माझ्या हातात दिली आणि मनीकडे बघून दोन्ही हात वर केले.