साडूबाबांचं हलकं चाक

गेल्या पुनवेला फेरीबोटीतून पलीकडच्या धक्क्यावर चढताना मी साडूबाबांची लाल गाडी बंद पाडली. पुढची चाकं उतारावर, मागची अजून बोटीत. शेजारी मांडीवर फुलांची पुडी घेऊन बसलेल्या माझ्या सासूबाई, म्हणजे माई, मागे मासळीचा टेंपो, आणि आजूबाजूला हेल्मेटातून बघणारे सगळे स्कूटरवाले. किल्ली फिरवली, क्लच सोडला. गाडीने बेडकासारखी एक उडी मारली आणि पुन्हा गप्प. माई अगदी शांतपणे म्हणाल्या, "बाब चढयतालो तेन्ना कळतच नाशिल्लें, बोट खंय सोंपली आनी रस्तो खंय सुरू जालो." बोट कुठे संपली नि रस्ता कुठे लागला ते कळू न देणारे साडूबाब; जाऊन वर्ष होत आलं तरी हा माणूस माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवतो. आता याला काय करायचं?

साडूबाब म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. डिचोलीच्या बाजारात त्यांचं हार्डवेअरचं दुकान. बिजागरी घ्यायला गेलेला माणूस तासाभराने बाहेर यायचा, कारण साडूबाब त्याचं मत विचारायचे. "तुका कितें दिसता?" हे त्यांचं वाक्य. तुम्हाला काय वाटतं, हे सगळेच विचारतात हो, पण उत्तर येईपर्यंत कोण थांबतं? साडूबाब थांबायचे. हातातला चहा खाली ठेवायचे, मान किंचित तिरकी करायचे. समोरच्याला वाटायचं, आजवर आपल्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

सासुरवाडीला गणपतीच्या चवथीला आम्ही दोघे जावई एकाच दिवशी जायचो. मी पेडण्याहून माझ्या राखाडी गाडीतून, डिकीत नारळ घालून. मी पोचलो की माई दारात येऊन विचारायच्या, "बाब खंय पावला?" म्हणजे साडूबाब कुठवर आले. थोड्या वेळाने वळणावर ती लाल गाडी घुमायची, की पोरं, कुत्रा आणि माझी स्वतःची बायको, सगळी अंगणात. पातोळ्या वाढताना हळदीच्या पानातली सगळ्यात गुबगुबीत पातोळी कुणाच्या ताटात जायची, ते सांगायला नको. मला मिळायची ती फुटलेली, गूळ बाहेर आलेली. "तुमकां गोड आवडटा न्ही," असं वर माई म्हणायच्या.

ती गाडी त्यांनी मांद्र्याला राहणाऱ्या एका परदेशी माणसाकडून घेतली होती. दोन सीटची, उघड्या छपराची. खारं वारं खाऊन तिचे दरवाजे गंजलेले होते. सगळ्यांनी वेड्यात काढलं. साडूबाबांनी दोन पावसाळे तिच्याखाली झोपून काढले आणि तिला उभी केली. मग तिच्यात पहिली बसली कोण? बायको नाही, मुलं नाहीत. माई! दर पुनवेला नदीपलीकडे देवळात जायचं, डोक्यावर पदर घट्ट गुंडाळून, त्या लाल गाडीतून. माझ्या गाडीला चार दारं आहेत, एसी आहे, पाठीला उशी आहे. माई तिच्यात बसल्या की त्यांना ओकारी यायची.

मग ते चाक आलं. साडूबाबांच्या मुंबईच्या पुतण्याने कुठूनतरी मागवून दिलेलं. इंजिनाच्या पाठीला एक जड लोखंडी चाक असतं, फ्लायव्हील. इंजिनाचे धक्के ते पोटात घेतं, म्हणून गाडी सावकाशसुद्धा गुळगुळीत चालते. हे नवं चाक हलकं होतं, चांदीच्या ताटासारखं चकचकीत. ते घातलं की पाय टेकवताच इंजिन उसळणार, पाय काढताच गप्प होणार, गिअर लोण्यात सुरी फिरावी तसे पडणार. साडूबाब तरुणपणापासून अशा गाडीची स्वप्नं बघत होते. पण त्याचबरोबर हेही खरं, की चढावर सावकाश उठताना तीच गाडी हिसके देणार, आणि जरा पाय चुकला की बंद पडणार. घालायचं की नाही?

त्या चवथीला जेवण झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं, अंगणात नेऊन गाडीत बसवलं, चाक माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "साडूभाऊ, घालूं काय नाका? तुका कितें दिसता?"

मी हरखलो. इतक्या वर्षांत त्या घरात मला विचारलेला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न "आमटी आणखी वाढूं?" हा होता. मी विचार करायला वेळ मागितला. पणजीला ऑफिसात फायली बाजूला सारून चाकांचे व्हिडिओ पाहिले. बायको म्हणाली, "परीक्षा आहे काय?" आणि जितकं बघत गेलो तितकं पोटात दुखू लागलं. आधीच ही गाडी सगळ्यांच्या डोळ्यांत भरलेली. ती आणखी चपळ झाली, तर वळणावर नुसता तिचा आवाज ऐकून पोरं माझ्या ताटावरून उडी मारून जाणार. माझं मत ठरलं. नको! आता नकोला कारण हवं. ते मी मोठ्या गंभीरपणे फोनवर सांगितलं. "माई शेजारी बसतात. फेरीच्या चढावर हिसके बसले तर त्यांची कंबर जाईल."

पलीकडे चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग साडूबाब म्हणाले, "हें म्हाका सुचूंकच ना रे."

पुढचे काही दिवस मी जमिनीपासून जरा वरून चालत होतो. मग एकदा दुकानात गेलो, तर साडूबाब सायकलवरच्या पदेराला थांबवून, त्याचे पाव थंड होत असताना विचारत होते, "घालूं काय नाका? तुका कितें दिसता?" मागाहून कळलं की न्हाव्याला विचारून झालं होतं, बँकेतल्या शिपायाला आणि फेरीबोटीवरच्या खलाशालासुद्धा. सगळे म्हणाले, घाल. मला वाटलं होतं मी सल्लागार आहे. मी रांगेत होतो.

शेवटी त्यांनी देवाला विचारलं. आमच्याकडे लग्न, घर, विहीर, काहीही ठरेना झालं की देवाला प्रसाद लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको. भटजींनी गाऱ्हाणं घालताना मध्येच थांबून विचारलं, "बाब, कसलें चाक म्हणलें तुमी?" साडूबाबांनी तिथेच, ओल्या सोवळ्यावर, त्यांना इंजिन समजावलं आणि लगेच त्यांचंही मत घेतलं. पाकळ्या मात्र काही केल्या पडेनात. आरतीची वेळ झाली तरी दोन्ही चिकटलेल्या. देवालाही ठरवता येईना, म्हणून साडूबाब आनंदाने सांगत सुटले, "देव पळय, थेट म्हजेसारको!"

तेव्हापासून ते चाक दिवाणखान्यात राहिलं. दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची, तेव्हा खोक्यातून काढून बॉनेटवर ठेवायचे आणि गाडीबरोबर त्यालाही झेंडूची माळ. न बसवलेल्या चाकाचा एवढा मान! मला तर त्या चाकाचाही हेवा वाटायचा.

मग गाडीचा क्लच गेला. गिअरबॉक्स खाली उतरला. गॅरेजवाल्याने निरोप धाडला, हलकं चाक घालायचं तर आत्ताच, परत एवढं सगळं कोण खोलणार? साडूबाब खोकं घेऊन गेले. संध्याकाळी खोकं घेऊनच परत आले. जुनंच घाला म्हणाले, एवढं ताईकडून कळलं. का, ते नाही. मी धरून चाललो की घाबरले असतील.

त्यानंतर फार दिवस मिळाले नाहीत. त्यांच्या आजारपणात मी जायचो, पायाशी बसायचो. डॉक्टर काय म्हणतात, काय करायचं, कुठे न्यायचं, त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही.

ते गेल्यावर गाडी तशीच उभी होती; गेल्या महिन्यात ताईने किल्ली माझ्या हातात ठेवली. "गाडी उभी राहून मरेल. आणि माईला पुनवेला दुसऱ्या गाडीतून जायचं नाही." म्हणून मी त्या उतारावर होतो.

तर बोटीवरचा खलाशी आला, चाकामागे लाकडाचा ठोकळा घातला आणि मला निरखून म्हणाला, "ही बाबाची गाडी न्ही? तें हलकें चाक घालूंक ना मगे ताणें. हांवें घाल म्हणलें, पदेरान घाल म्हणलें. बाब म्हणालो, ना, म्हजो साडू नाका म्हणटा, माईक धपके बसतले." त्याच्या आवाजात जुना रुसवा होता. मग तो थबकला. "तो साडू म्हळ्यार तुमी?"

मी मान हलवली.

"आनी जड चाक आसून तुमची बंद पडली?"

स्कूटरवाले हसले. माईसुद्धा हसल्या, पदर तोंडाला लावून, आणि मग तोच पदर त्यांनी डोळ्यांना लावला. तिसऱ्या खेपेला गाडी वर चढली.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. म्हटलं, "एवढ्या लोकांत त्यांनी माझंच ऐकलं. आणि मी जळून सांगितलं होतं गं ते."

ती वाळलेले कपडे घड्या घालत होती. म्हणाली, "ठाऊक होतं त्यांना. मला म्हणाले होते, 'बाकीचे घाल म्हणतात, त्यांचं काय जातं, गाडी माझी. तुझा नवरा मात्र तिच्याकडे आपल्याच गाडीकडे बघावं तसा बघतो. त्याचंच ऐकायला हवं.'"

"मग इतके दिवस मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर ते असतानाच किल्ली मागायला गेला असतात तुम्ही."