साहेबांचा अंगठा

ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली आवडाबाई सही करायला कधी शिकली नाही, आणि त्याची तिला लाजही नव्हती. रेशनकार्ड असो की बँक, तिचा अंगठा ठसठशीत उठायचा. अंगठा करण्याआधी मात्र ती कुणाकडून तरी कागद वाचवून घ्यायची, आणि एकदा केला की विषय संपला. रस्त्यासाठी अंगण सोडल्याच्या कागदावर तिने असाच अंगठा केला. पुढे बोंबील वाळवायला हातभर जागा उरली नाही, तरी तोंडातून ब्र काढला नाही. एरवी गिऱ्हाइकाने पापलेट जरा जोरात दाबलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी बाई ही!

नौपाड्याजवळच्या मासळी बाजारात सासूनंतर तिचा ओटा होता. बाजार पाडून नवा बांधायचं ठरलं, तेव्हा बाजाराच्या साहेबांनी कोळणींचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. अर्ज नको, हेलपाटे नकोत, आपापल्या ओट्याचा फोटो टाका, नव्या बाजारात तीच जागा मिळेल, असं सांगितलं. आवडाबाईच्या नातीने, दक्षताने, फोटो टाकून खाली लिहिलं, ‘आजीला हीच जागा हवी.’ साहेबांचं उत्तर आलं. एक उभा अंगठा.

“सायबान अंगठा दिला!” आवडाबाईने वाडाभर सांगितलं.

“अगं आजी, तो तसला अंगठा नाही गं. एखादा कागद पण मागून घेऊ.”

“गप गं! एवरा मोठा सायेब, अंगठा देऊन फिरंल?”

नवा बाजार उघडला. आवडाबाई टोपली घेऊन पोचली, तर तिच्या जागेवर कुणा परक्याचा भलामोठा फ्रीज! ती दक्षताला घेऊन तडक कचेरीत गेली. साहेब बदलले होते. महेंद्र नावाच्या कारकुनाने फाइल चाळली आणि मान हलवली. आवडाबाईची नोंदच नव्हती. दक्षताने मोबाइल पुढे केला.

“मावशी, हा अंगठा म्हणजे नुसतं ‘बघितलं’,” महेंद्र म्हणाला. “आणि ग्रुप साहेबांच्या स्वतःच्या नंबरवर होता. बदली झाली, मोबाइल घेऊन गेले.”

आवडाबाई हबकलीच. कचेरीतली मोडकी खुर्ची घरी नेली तर चोरी म्हणतात, आणि इथे अख्ख्या बाजाराचा कारभार एक माणूस खिशात घालून निघून गेला होता! त्याचं कुणाला काहीच वाटत नव्हतं. महेंद्र तर चहा पीत होता.

चहा संपल्यावर त्याने एक कागद आणि शाईचा पॅड पुढे सरकवला. रस्त्याकडेला बसायची परवानगी हवी असेल तर अंगठा करा म्हणाला.

“वाच आधी,” आवडाबाई नातीला म्हणाली.

दक्षता वाचता वाचता अडखळली. “‘या बाजारात माझा ओटा कधीही नव्हता...’”

“नवता?” आवडाबाईने कागदावर हात आपटला. “मंग माजी सासू बसलेली कुठं? मी बसलेली कुठं?”

“फॉरमॅलिटी आहे हो. बाकीच्या बायकांनी केलाय.”

“त्याच्या अंगठ्याचा अर्थ ‘बघितला’, आन माज्या अंगठ्याचा अर्थ मी जनमभर खोटी?”

अंगठा नाही तर रस्त्याकडेची जागाही नाही, हे तिला कळत होतं. तरी ती उठली. शाईचा पॅड महेंद्रकडे परत सरकवला आणि दक्षताला घेऊन बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवडाबाईने टोपली थेट त्या फ्रीजच्या दारासमोर मांडली. फ्रीजवाला ओरडला, पोलिसांना बोलावतो म्हणाला.

“बोलव,” आवडाबाई म्हणाली. “पोलिसाला सांग, कागदावर लिव. आवडाबाई हितं बसलेली.”